उन्हाळा अचानक येत नाही

बेटा,

परवा तू गेल्यावर काकू म्हणाली, पोरगा नीट जेवला नाही. माझंही लक्ष होतं. मोबाइलवरचा तो खर्चाचा रंगीत तक्ता दाखवताना तुझा अंगठा सारखा 'इतर' या ओळीवर येऊन थांबत होता. एप्रिलमध्ये इतर 4,300, मेमध्ये 6,100. हातात पगार 31,000 आणि दोन महिने मित्राकडून उसने. 'काका, मला पैसे सांभाळताच येत नाहीत,' असं म्हणालास ना, ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

तू उधळ्या नाहीस. गाडी घरी ठेवून मेट्रोने मिहानला कामाला जातोस, डबा नेतोस. पन्नास टक्के गरजा, तीस हौस, वीस बचत, हे पन्नास-तीस-वीसचं गणितही बसवलंस. चुकलं ते एवढंच, की तू थेट महिन्याचं बजेट केलंस. आधी वर्षाचं मांडायचं असतं.

त्या 'इतर'मध्ये होतं काय? कूलरच्या ताट्या, नवी मोटर, वाढलेलं लाइट बिल, गाडीचा विमा, चुलत बहिणीच्या लग्नातला आहेर. यातलं अचानक काय आलं? नागपुरात उन्हाळा अचानक येतो का रे? नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, मेअखेरीस लागतो हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मग ताट्या बदलताना आपण 'अरे, हा खर्च निघाला' असं का म्हणतो? तो निघाला नाही. तो गेल्या मेपासून ठरलेला होता, फक्त कागदावर नव्हता.

तू गेल्यावर मी तुझं वर्ष मांडलं. उन्हाळ्यातलं जास्तीचं बिल 6,000, कूलर 1,500, गाडीचा विमा-सर्व्हिसिंग-टायर 7,500, आईबाबांच्या मेडिक्लेमचा तुझा वाटा 16,000, दिवाळी 12,000, लग्नं-आहेर 6,000, मोबाइलची दुरुस्ती नाहीतर नवा घ्यायची तयारी 5,000. झाले 54,000. बाराने भाग. 4,500. म्हणजे तुझा पगार 31,000 नाहीच, 26,500 आहे. तू दर महिन्याला नसलेले साडेचार हजार वाटून टाकतोस आणि मग स्वतःला दोष देतोस.

फेब्रुवारीत 100 रुपये कमी का आले, असं तू विचारलं होतंस. तो व्यवसाय कर. अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, मिळून 2,500. सरकारनेही रक्कम वर्षाची धरली आणि मग महिन्यांत वाटली. आपण मात्र उलटं करतो.

हे मला कोणी शिकवलं नाही. 1998 च्या जूनमध्ये मी हिंगण्याला एका कारखान्यात हिशेबनीस होतो. दुसऱ्यांचे ताळेबंद पैशापर्यंत जुळवायचो. घरी दोन्ही पोरांची फी, पुस्तकं, गणवेश आणि कूलरचं बिल एकाच आठवड्यात आलं. माझ्या आईने मोरीत बसून हाताला साबण चोळून पाटल्या काढल्या. डावी निघेना. ती कढ काढत होती आणि मी दारात उभा होतो. 'ने बाप्पा, मले का करायच्या आहेत आता.' इतवारीत गहाण टाकल्या. चौदा महिन्यांनी सोडवून आणल्या, तेव्हा तिच्या हातात त्या सैल झाल्या होत्या. तिने परत घातल्या नाहीत. शाळा दर जूनला सुरू होते हे हिशेबनिसाला माहीत नव्हतं का?

तेव्हापासून वर्षाच्या अशा खर्चांचा बारावा हिस्सा मी पगाराच्या दिवशीच बाजूला टाकतो. तो पैसा माझा नसतो, पुढच्या मे महिन्याचा असतो. एकदा धाकट्या भावाने प्लॉटच्या बयाण्यासाठी त्यातलेच मागितले आणि मी नाही म्हणालो. दोन वर्षं तो पोळ्यालाही घरी आला नाही. लोक मला कंजूष म्हणाले. म्हणू देत. त्याच पैशातून मुलीची फी वेळेवर भरली, कोणाच्या हातातलं काही उतरवलं नाही. भावाशी बोलताना शब्द मवाळ वापरायला हवे होते, हे मान्य. नकार मात्र आजही तोच देईन.

आता तुझं. वेगळं बचत खातं उघड आणि ते यूपीआयला जोडूच नकोस. ज्या खात्यातून चहावाल्याला पैसे जातात, त्यात मेडिक्लेमचे पैसे टिकत नाहीत. बँकेत सांगून ठेव, पगार झाला की दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप तिकडे जाईल. पण पहिल्या वर्षी नुसतं बाराने भागून भागणार नाही, हे नीट ऐक. जूनपासून दिवाळीपर्यंत तुझे पाच पगार आहेत. दिवाळीच्या 12,000 ला पाचने भाग, 2,400. जे जवळ आहे ते उरलेल्या पगारांत वाटायचं, म्हणून पहिलं वर्ष जड जातं. नवा मोबाइल यंदा विसर. आहेराचं पाकीट लहान कर, कोणी विचारलं तर माझं नाव सांग. आणि मित्राचे आधी फेड, त्याचंही घर आहे.

'इतर' ही ओळ मात्र खोडून टाक. खर्चाला नाव दे, महिना दे, मग बाराने भाग. पुन्हा 'अचानक' म्हणालास तर मी रागावेन.

रविवारी सकाळी ये. विम्याची कागदं आण, गेल्या बारा महिन्यांची लाइट बिलं आण, आणि आईला फोन करून मेडिक्लेमची तारीख विचारून ये, अंदाजे नको. काकू तर्री-पोहे करणार आहे. या वेळी पोटभर खा.

तुझा,
काका