पोच घेतल्याशिवाय जिना उतरू नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू निवेदनाचा मसुदा ठेवून गेलीस. तो दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन. शुद्धलेखन चांगलं आहे, तुझ्या आजोबांवर गेलीस. पण अर्ज म्हणून तो कागद चालायचा नाही, आणि का चालायचा नाही ते तोंडी सांगितलं असतं तर तू मध्येच 'पण काका' म्हणून वाद घातला असतास. म्हणून लिहितोय.

तुला ठाऊकच आहे, नोकरीतली निम्मी वर्षं मी इथे बेळगावात सरकारी ऑफिसच्या टपाल सेक्शनला काढली, म्हणजे आलेले अर्ज नोंदवून घेतात तिथे. लोक निवेदन घेऊन ज्या टेबलापुढे उभे राहतात, त्या टेबलाच्या मी पलीकडे बसायचो. जांभळ्या शाईचं पॅड, तारखेचा रबरी शिक्का (त्याचं चाक सकाळी फिरवायला विसरलं की दिवसभर कालची तारीख पडते) आणि आखलेलं जाडजूड रजिस्टर. कागद हातात आला की कारकून तो वाचत नाही. तो एकच गोष्ट शोधतो: हा कुठल्या सेक्शनला टाकायचा? रजिस्टरमध्ये त्यासाठी एक अरुंद रकाना असतो आणि त्यात एकच नाव मावतं.

आता तुझा कागद बघ. मागण्या अकरा. शाळेला मराठी शिक्षक, सकाळची बस, पंचायतीच्या नोटिसा मराठीत, गटार, पथदिवे, आणि अकरावी सीमाभाग महाराष्ट्रात घालण्याची. वर पत्ते आठ जणांचे, मुख्यमंत्र्यांपासून बीईओंपर्यंत, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत. त्या अरुंद रकान्यात मी काय लिहायचं? असा कागद 'पुढील योग्य कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून खालच्या ऑफिसला जातो, तिथून आणखी खाली, आणि शेवटी ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याच टेबलावर येऊन बसतो. आठ जणांना दिलेल्या अर्जाचं तर विचारूच नको. प्रत्येकाला वाटतं, बाकीचे सात बघतील की.

अकराव्या मागणीवर तू रागावणार, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. १ नोव्हेंबरच्या, काळ्या दिनाच्या सायकल फेरीत मी तुझ्या वयाचा असल्यापासून जातोय, गुडघे कुरकुरायला लागल्यावरही. तेव्हा ती मागणी मला नको आहे असं समजू नकोस. पण ती आता निवेदनाची राहिलेली नाही. १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आलो, १९६६ ला सीमाप्रश्नावर महाजन आयोग बसला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. आता ही मागणी ज्या कागदावर असेल त्या सगळ्या कागदावर साहेब एकच शब्द लिहितो: न्यायप्रविष्ट. शाळेचा शिक्षक न्यायप्रविष्ट नाही, सकाळची बसही नाही. पण एका ओळीने तू त्याच्या हातात दहा मागण्या बाजूला ठेवायचं कारण देतेस. मी खुर्चीत असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

त्याच १ नोव्हेंबर १९५६ ची दुसरी एक गोष्ट आपल्याकडे सभेत फारसं कुणी सांगत नाही. त्या दिवशी राज्यांची फेररचना अमलात आली, तशीच घटनेची सातवी दुरुस्तीही. तिने ३५० क आणि ३५० ख ही दोन कलमं घटनेत घातली. इंग्रजी प्रतीत त्यांना ए आणि बी म्हणतात. पहिलं म्हणतं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा आयुक्त नेमला. तो राष्ट्रपतींना अहवाल देतो आणि तो अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. ज्या दिवशी आपण काळ्या फिती लावतो, त्याच दिवसाच्या तारखेची ही कलमं आहेत. फीत लाव, पण कलमही वापर. आयुक्त शिफारस करू शकतो, हुकूम नाही, हेही लक्षात ठेव. नाहीतर उगाच आशा लावून बसशील.

शिक्षकाच्या मागणीत तू 'अनेक मुले' असं लिहिलंयस. अनेक म्हणजे किती? १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक कसोटी ठरली: वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं त्या भाषेची असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. तोच आकडा पुढच्या कागदपत्रांतून आजवर फिरतोय. मुख्याध्यापकांकडून इयत्तावार पट घे आणि तो अर्जातच मांड. पहिलीत किती, दुसरीत किती, मंजूर शिक्षक किती, हजर किती. असा चौकोन बघितला की क्लार्कला पुढचं टिपण लिहायला सोपं जातं, आणि त्याला सोपं गेलं की तुझं काम पुढे सरकतं. नोटिसांच्या मागणीलाही असाच आधार आहे: एखाद्या भागात १५ टक्के किंवा जास्त लोक त्या भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात असं ठरलेलं आहे. पण ती मागणी या अर्जात नको. तिचा वेगळा अर्ज कर, पंचायतीला, आणि आधी ग्रामसभेत ठराव करून घे. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, तुझ्या भावनेपेक्षा ठरावाचा नंबर जास्त कळतो.

आता भाषेचं. तू विचारलंस, अर्ज मराठीत द्यायचा की कन्नडमध्ये, आणि विचारताना तुझा आवाज जरा खाली गेला होता. घटनेचं कलम ३५० तुला सांगतं की गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. मराठी अर्ज 'कन्नडमध्ये आणा' म्हणून परत करता येत नाही. कुणी केला तर न भांडता 'परत करत असल्याचं कागदावर लिहून द्या' म्हण. बहुतेक वेळा कागद ठेवून घेतात. पण हक्क वेगळा आणि सोय वेगळी. माझ्या सेक्शनला कित्येक क्लार्क धारवाड, गदग, बागलकोटकडचे होते. चांगले लोक, पण मराठी वाचताना त्यांना घाम फुटायचा. अर्ज बाजूला पडायचा, 'मराठी येणारा आला की बघू' म्हणून. तो मराठी येणारा बऱ्याचदा मी असायचो आणि मी रजेवर असलो की अर्जही रजेवर. म्हणून वर मराठी मूळ अर्ज, तुमच्या सह्यांचा, आणि त्याला टाचून खाली कन्नड भाषांतर. याला गल्लीत कुणी 'वाकणं' म्हणेल. म्हणू दे. ज्याने हा निर्णय घ्यायचा त्याला तो वाचता आला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. कलम ३५० ने उत्तर मराठीत मिळेल असं मात्र कुठे म्हटलेलं नाही, तेव्हा कन्नड वाचायला शीक. वर्षभरात येतं.

बसचं सांगायचं तर, तू 'मा. डीसी साहेब' असं लिहिलंयस. कुठले डीसी? जिल्हाधिकारीही डीसी, आणि वायव्य कर्नाटक परिवहनचे विभागीय नियंत्रकही डीसीच. असे कितीतरी बसचे अर्ज चन्नम्मा चौकाजवळच्या डीसी ऑफिसला येऊन पडायचे. हुद्दा पूर्ण लिही. आणि बस मागताना 'गैरसोय होते' असं लिहू नकोस. हायस्कूल किती वाजता भरतं, आत्ताची गाडी किती वाजता येते, स्टॉपवर किती पोरं उभी असतात आणि त्यातली किती पास काढलेली, हे लिही. डेपो मॅनेजर पासचा आकडा आधी बघतो.

आता माझीच फजिती. नोकरी लागायच्या आधीची, विशीतली. गल्लीतल्या पाण्यासाठी आम्ही पोरांनी सहाशे सह्या गोळा केल्या. हलगी लावून, घोषणा देत एका कार्यालयावर गेलो. साहेब पायऱ्या उतरून गेटपर्यंत आले, हसत निवेदन घेतलं, फोटो निघाला, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आला. माझा हात त्या फोटोत दिसत होता, आईने ते कात्रण बरेच दिवस कपाटाच्या दाराला लावलं होतं. चार महिन्यांनी चौकशीला गेलो तर टेबलावरचा माणूस म्हणाला, असा काही अर्ज आमच्याकडे आलेला नाही. मी कात्रण दाखवलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, 'फोटो आहे हो. नंबर कुठाय?' सहाशे सह्यांची दुसरी प्रतही आमच्याकडे नव्हती. पुढे मीच तो नंबर देणारा माणूस झालो, हा नशिबाचा खेळ. पण नंबर न घेता फोटो घेऊन जाणारे लोक मी निवृत्त होईपर्यंत येतच होते.

तेव्हा निवेदन साहेबांच्या हातात द्यायचं तर जरूर दे, फोटोही काढ. मग त्याच कागदाची दुसरी प्रत घेऊन टपाल सेक्शनला जा. तिच्यावर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या ओसीवर (ऑफिस कॉपीवर), आवक नंबर, तारीख, शिक्का आणि सही. तारीख नीट वाच, मघाशी चाकाचं सांगितलं ना. ते म्हणतील, साहेबांनी घेतलंय, परत कशाला? तू गोड बोलून उभी राहा. कन्नडमध्ये 'स्वीकृती कोडी', म्हणजे 'पोच द्या', एवढं म्हटलंस तरी पुरे. ती घेतल्याशिवाय जिना उतरू नकोस.

सह्यांबद्दल एकच सांगतो, पण ते चुकवू नकोस. कोऱ्या पानावर सह्या घेऊ नका. तुमची तिसरी, चौथी आणि पाचवी पानं कोरी आहेत, वर विषयच नाही. अशी पानं कुठल्याही अर्जाला जोडता येतात, आणि विरोधात असलेला माणूस तेच म्हणतो. प्रत्येक पानाच्या डोक्यावर विषयाची ओळ, प्रत्येक सहीपुढे पूर्ण नाव आणि गाव. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही. आणि एका घरातल्या सात सह्या एकाच हाताच्या दिसतात, त्या काढ. दोनशे खऱ्या सह्या मला चारशे संशयास्पद सह्यांपेक्षा जड वाटतात.

अर्ज दिल्यावर महिनाभर थांब. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाक, फी १० रुपये. आपल्या राज्यात त्या अर्जाला १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, तेव्हा तिथे भाषण नको. विचारायचं एवढंच: अमुक आवक नंबरच्या अर्जावर कोणकोणत्या तारखेला काय शेरे झाले, त्या टिपणांच्या प्रती द्या. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. 'कारवाई का केली नाही' असं विचारलंस तर 'ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं उत्तर येतं. टिपणाची प्रत माग, त्यात ते 'का' आपोआप दिसतं.

आमदारांकडे जायचं ते टिपण हातात आल्यावर. डिसेंबरात हलग्याला सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा सगळा जिल्हा बाहेर आंदोलनाच्या तंबूत बसलेला असतो. ऊसवाले, अंगणवाडीवाल्या, अतिथी शिक्षक. त्या गर्दीत नवा कागद देणं म्हणजे जत्रेत पत्ता विचारणं. आमदारांना दसऱ्याच्या सुमाराला भेट, कारण सभागृहातल्या प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागते. 'आमच्यासाठी आवाज उठवा' म्हणू नकोस. प्रश्न लिहूनच ने: तालुक्यातल्या मराठी शाळांत मंजूर पदं किती, रिकामी किती, कधीपासून. मंत्र्यांना सभागृहात आकडा द्यावा लागतो, आणि एकदा छापला गेलेला आकडा पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडता येतो. विधानसभेची अर्ज समितीही असते, तिच्याकडे आपल्याकडचे लोक फार कमी जातात. लोकसभेचीही आहे, पण तिथे नियम असा की जी गोष्ट राज्याच्या विधिमंडळात मांडायची किंवा जी कोर्टात आहे, ती तिथे घेत नाहीत. मराठीत अर्ज केलास तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर लागतं. शिक्षकाच्या मागणीसाठी दिल्ली नको. बीईओ, डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक), मग बेंगळूर, या क्रमाने जा. खालची पायरी सोडून वर गेलीस तर वरचा परत खालीच पाठवतो आणि खालचा डूख धरतो.

तुमच्या मसुद्यात 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' ही ओळ आहे. ती मी खोडली आहे. सगळेच लिहितात, त्यामुळे कुणी वाचत नाही. खरंच करणार असाल तर तारीख घालून वेगळं पत्र द्या.

रविवारी सकाळी ये, दहाच्या आत, नंतर माझी फिरायला जायची मंडळी येतात. सह्यांचे मूळ कागद आण, झेरॉक्स नको. शाळेच्या पटाची मुख्याध्यापकांच्या शिक्क्याची प्रत आण. आणि कन्नड मजकूर तुझ्या त्या वडगावच्या मैत्रिणीकडूनच लिहून घे. मी लिहिला असता, पण माझं कन्नड सगळं फायलीतलं. पहिलीच्या पोरांबद्दल लिहिताना तिथेही 'सदरहू' येईल.

तुझा
टिळकवाडीचा काका