संशोधन करायचं तर सर्जरी सोडावी लागेल का?

प्रश्न : मी सध्या इंटर्नशिप करते आहे. सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये सगळ्यात जास्त रमले. थिएटरमध्ये तासन्‌तास उभं राहूनही कंटाळा येत नाही. पण मला संशोधनही करायचं आहे, पुढे शिकवायचंही आहे. सिनिअर्स म्हणतात, 'सर्जनचं रिसर्च म्हणजे केस रिपोर्ट, एखाद्या पेशंटची हकिकत. खरं रिसर्च करायचं तर मेडिसिन घे.' शिवाय माझं गणित कच्चं आहे, संख्याशास्त्राची धास्ती वाटते. बाबांना वाटतं, संशोधनात वर्षं गेली तर हातातलं कसब जाईल. आणि एक सिनिअर त्याच्या पेपरमध्ये माझं नाव घालायला तयार आहे. मी त्यात काहीच काम केलेलं नाही, पण तो म्हणतो, सगळे असंच करतात. काय करू?
– एक इंटर्न

उत्तर : सर्जरी घे. हे उत्तर आधीच देऊन टाकते, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांचा शाखेशी फारसा संबंध नाही.

तुझ्या सिनिअर्सना थिओडोर कोखर या सर्जनची गोष्ट सांग. एकोणिसाव्या शतकात गलगंडाचं, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाढल्याचं, ऑपरेशन जिवाशी खेळ समजलं जायचं, रक्तस्राव आवरायचाच नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये कोखर यांनी सावकाश, एकेक रक्तवाहिनी बांधत काम करून ते ऑपरेशन सुरक्षित केलं. दुसरा कुणी असता तर तिथेच समाधानाने थांबला असता. टाके निघाले, पेशंट चालत घरी गेला, आणखी काय हवं? पण दुसऱ्या एका सर्जनकडून कुणकुण लागल्यावर कोखर यांनी आपल्या जुन्या पेशंटना परत तपासायला बोलावलं. संपूर्ण थायरॉइड काढलेली कितीतरी माणसं बदलून गेली होती. चेहरे सुजल्यासारखे, बोलणं संथ, हालचाली जड, आणि लहान वयात ऑपरेशन झालेल्यांची वाढ खुंटलेली. ज्या ऑपरेशनने नाव मिळालं, त्याचंच हे नुकसान त्यांनी १८८३ मध्ये सर्जनांच्या भरसभेत मांडलं आणि संपूर्ण ग्रंथी काढणं सोडून दिलं. ही ग्रंथी शरीरात नेमकं काय करते, हे तोवर कुणालाच धड ठाऊक नव्हतं. ते कळायला या पेशंटांचा मोठा हातभार लागला. १९०९ मध्ये कोखर यांना नोबेल मिळालं, सर्जनला मिळालेलं ते पहिलं नोबेल.

यात प्रयोगशाळा कुठे होती, गणित कुठे होतं? होता तो एकच प्रश्न : मी ऑपरेशन केलेल्या माणसाचं पुढे काय झालं? हा प्रश्न तुला सतावत असेल, तर तू कुठल्याही शाखेत संशोधन करशील. नसेल, तर मेडिसिन घेऊनही काही होणार नाही.

एवढं मात्र खरं, की सर्जरीतलं संशोधन वेगळ्या कारणांनी अवघड असतं आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. गोळी कुणीही दिली तरी गोळी तीच असते. ऑपरेशन तसं नसतं. तेच ऑपरेशन पाचवं करणारा आणि पाचशेवं करणारा यांच्या निकालात फरक पडणार. त्यामुळे नवी पद्धत जुनीपेक्षा बरी ठरली नाही, तर पद्धत वाईट की करणारे अजून नवखे, हे सोडवून सांगावं लागतं. औषधाच्या चाचणीत हुबेहूब दिसणारी निरुपयोगी गोळी देता येते. डॉक्टरलाही कळत नाही कुणाला काय दिलं. सर्जनपासून ऑपरेशन लपवणार कसं?

तरीही लोकांनी वाट काढली आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेली गुडघ्याची चाचणी मिळवून वाच. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आत साफ करायचं ऑपरेशन तेव्हा सर्रास होत होतं. १८० पेशंटची, त्यांच्या संमतीने, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटणी केली. एका गटाचा गुडघा खरवडून साफ केला, एकाचा नुसता धुतला, आणि एका गटाच्या कातडीवर फक्त छेद घेऊन टाके घातले. दोन वर्षं पाठपुरावा झाला. दुखणं आणि चालणं यांत खऱ्या ऑपरेशनवाल्यांना खोट्या ऑपरेशनवाल्यांपेक्षा जास्त फायदा झालेला दिसला नाही. ऑपरेशननंतर बरं वाटलं म्हणजे ऑपरेशनमुळे बरं वाटलं, असं नसतं. सर्जनला पचवायला हे फार जड जातं, म्हणूनच सर्जरीत असा विचार करणारी माणसं हवी आहेत.

मेडिसिनवाल्यांनाही हा धडा मिळालेला आहे. हार्ट अटॅकनंतर ठोके अनियमित पडले तर मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ठोके नियमित करणारी औषधं दिली जायची. तर्क बिनतोड होता. १९८९ मध्ये चाचणीचे निकाल आले, तेव्हा त्यातली दोन औषधं घेणाऱ्यांत मृत्यू कमी नाही, उलट जास्त निघाले. ईसीजी सुधारत होता आणि माणसं जात होती.

आता संख्याशास्त्र. तुझी भीती मला कळते, पण ती चुकीच्या गोष्टीची आहे. आकडेमोड सॉफ्टवेअर करतं, अवघड ठिकाणी संख्याशास्त्रज्ञ मदतीला असतो. फक्त त्याच्याकडे डेटा गोळा करण्याआधी जायचं असतं, नंतर नाही. तुला शिकायचं आहे ते म्हणजे आकड्यांनी फसायचं नाही. याचं माझं आवडतं उदाहरण १९८८ मधल्या आयसिस-२ या चाचणीचं आहे. हार्ट अटॅकच्या १७,१८७ पेशंटमध्ये ॲस्पिरिनने जीव वाचतात हे त्यात सिद्ध झालं. पेशंटचे वेगवेगळे उपगट पाडून निकाल दाखवा, असा आग्रह झाला. तेव्हा संशोधकांनी त्यात राशींप्रमाणेही गट पाडून दाखवले. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांत ॲस्पिरिनचा फायदा दिसेना! डेटाचे पुरेसे तुकडे केले की त्यातून काहीही निघतं, हे यापेक्षा सोप्या भाषेत कुणी सांगू शकेल असं मला वाटत नाही. ही गोष्ट तुला समजली ना? मग तुझं गणित पुरेसं आहे.

खरी मेहनत वेगळीच आहे, आणि ती मी जवळून पाहिली आहे. सर्जरीच्या पहिल्या वर्षातला एक रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर, त्याची शीट, म्हणजे पेशंटच्या माहितीचा तक्ता, घेऊन माझ्याकडे आला होता. विषय साधा होता : ऑपरेशननंतर किती जखमांत पू होतो. फाइली काढून त्याने शंभरावर ओळी भरल्या होत्या. 'इन्फेक्शन' या रकान्यात खालपर्यंत 'नाही, नाही, नाही'. तो खूश होता. मी विचारलं, पेशंट घरी कितव्या दिवशी जातात? म्हणाला, तिसऱ्या-चौथ्या. आणि जखमेत पू कितव्या दिवशी दिसतो? तो गप्प झाला. जखमेचं इन्फेक्शन मोजायचं तर साधारण तीस दिवसांपर्यंत बघायचं असतं, हे त्याने परीक्षेत लिहिलेलं होतं. फाइल मात्र डिस्चार्जच्या सहीला संपत होती.

मग त्याने ड्रेसिंग रूममधलं रजिस्टर शोधून काढलं. कोपरे दुमडलेलं, आयोडीनचे डाग पडलेलं, सिस्टरच्या अक्षरातलं. त्यात नाव, तारीख आणि पुढे एक-दोन शब्द : 'टाका उघडला', 'स्राव', 'रोज ड्रेसिंग'. एकेक नाव फाइलशी जुळवत तो संध्याकाळच्या संध्याकाळी तिथे बसला. नाव सारखं पण वय वेगळं, अशा जोड्या त्याने नोंदणी क्रमांकावरून सोडवल्या. उरलेल्यांना फोन केले. 'नाही'च्या रकान्यात मध्येच 'हो' यायला लागले. डिपार्टमेंटचा आकडा खराब झाला, म्हणजे तो पहिल्यांदा खरा झाला. मला त्या मुलाचा आजही अभिमान वाटतो. कोखर यांनी केलं ते हेच होतं.

तू याच मापाचं काम इंटर्नशिपमध्ये घे. एकच प्रश्न, एका वाक्यात मावणारा. कोणते पेशंट, काय मोजायचं, कितव्या दिवशी मोजायचं, हे फाइल उघडण्याआधी लिहून काढ. एथिक्स कमिटीची परवानगी आधी घे. फक्त फाइली बघायच्या आहेत, त्याला कशाला परवानगी, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. त्या फाइली कुणाच्या तरी आजाराच्या आहेत. निकाल निराशाजनक आला तरी लिहून पूर्ण कर.

बाबांची काळजी मी उडवून लावणार नाही. सर्जनचा हात सरावाने घडतो आणि रेसिडेन्सीत दिवसाचे तास कमी पडतात, हे खरंच आहे. म्हणून सगळं एकदम करू नकोस. रेसिडेन्सीत हात तयार करायला प्राधान्य दे आणि एकच अभ्यास चालू ठेव, शक्यतो तुझ्या प्रबंधाचाच. पूर्ण वेळ संशोधनाला द्यायचं एखादं वर्ष किंवा पीएचडी हा निर्णय त्यानंतरचा. तोवर तुला कळलेलं असेल की तुझा प्रश्न कुठला. त्या काळात थिएटर पूर्ण सुटणार नाही अशी जागा निवडायची, एवढं बाबांना सांग. आणि सीट निवडताना डिपार्टमेंटचं नाव किती मोठं याबरोबर हेही विचार : तिथल्या रेसिडेंटांचे प्रबंध पुढे छापून येतात का? पेशंटचा फॉलो-अप कोण ठेवतं? गाइड मसुदा वाचून परत किती दिवसांत देतात? याची उत्तरं प्रॉस्पेक्टसमध्ये मिळत नाहीत, तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारावी लागतात.

राहिला तो पेपर. नाव घालू देऊ नकोस. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्या आहेत : कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही एकत्र लागतात. शेवटची अट नीट वाच. उद्या कुणी त्या पेपरमधल्या तक्त्यावर बोट ठेवून विचारलं की हे बारा पेशंट फॉलो-अपमधून कसे गळाले, तर लेखक म्हणून तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तू त्यातल्या एकालाही पाहिलेलं नाहीस. शिवाय मुलाखतीत जाणता परीक्षक पहिला प्रश्न बायोडेटातल्या पेपरवरच विचारतो.

पण नकार देऊन मोकळी होऊ नकोस. सिनिअर मनाने वाईट आहे असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही, त्याने पाहिलं तेच तो करतो आहे. त्याला सांग, 'नाव नको, पण काम दे. तुझी मूळ शीट दाखव. फॉलो-अप अपुरा असेल तर मी पूर्ण करते.' अर्धवट फॉलो-अप जवळजवळ प्रत्येक शीटमध्ये असतो. त्याने शीट दिली, तर पेशंटची यादी घे, ओपीडीचं आणि ड्रेसिंग रूमचं रजिस्टर माग आणि एकेक नाव जुळवायला लाग. मग मसुद्यावरही काम कर. तेव्हा तुझं नाव त्यावर हक्काने येईल. शीट दाखवायलाच तो तयार नसेल, तर त्या पेपरपासून लांब राहा आणि मला तुझा स्वतःचा प्रश्न एका वाक्यात लिहून पाठव.