पाश्चात्त्य अभिजात संगीत इतिहासाच्या क्रमाने ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी?

मध्ययुगीन चर्चगीतांपासून ओळीने निघालात तर बाखपर्यंत (अठराव्या शतकाचा पूर्वार्ध) पोचायच्या आत कंटाळाल. मधूनच सुरू करा: मोझार्टची ४० वी सिंफनी (१७८८; सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना), फक्त पहिला भाग, सात-आठ मिनिटं.

आधी व्हायोलांची (व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या सुरांची बहीण) कुजबुज, मग त्यावर व्हायोलिनची धून, जी मायनरमध्ये (षड्ज जी, छटा उदास). पुढे क्षणभर शांतता आणि दुसरी, मवाळ धून बी फ्लॅट मेजरमध्ये (षड्ज बी फ्लॅट, छटा उजळ). इथपर्यंतचा तुकडा पुन्हा वाजतो (काही ध्वनिमुद्रणांत गाळतात, ती टाळा). शेवटाकडे तीच मवाळ धून परतते, पण जी मायनरमध्ये, चेहरा पडलेला. हा बदल जाणवेपर्यंत पुढे जाऊ नका.

आपले कान इथेच चुकतात. तानपुरा नसतो आणि षड्ज जागा बदलतो. नुसती धून धरली तर हे निसटतं. खालचे सूर, म्हणजे चेलो-बास, ऐका.

मग मागे, बाखचा ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’च्या पहिल्या खंडातला सी मायनर फ्यूग (१७२२), एकाच कीबोर्डवर गुंफलेल्या तीन सुरावटी, म्हणजे तीन ‘आवाज’: एकच धून आधी मधल्या आवाजात, मग वरच्या, मग खालच्या. त्यानंतर थेट देब्युसीचं फॉनवरचं (फॉन म्हणजे रोमन पुराणकथांतला अर्धा माणूस, अर्धा बोकड) प्रेल्यूड (१८९४), वाद्यवृंदासाठीचं. त्यात सुरुवातीची एकटी बासरी षड्ज कुठला, याचा पत्ताच लागू देत नाही.