तेजीच्या दशकातला कर्जबाजारी शेतकरी

प्रश्न : वाचनालयातील एका पुस्तकात असे वाचले की, १९२९ पूर्वीची दहा वर्षे अमेरिकेत भरभराटीची होती. त्याच पुस्तकात पुढे, तेथील शेतकरी महामंदीच्या आधीच कर्जात बुडाला होता, असेही एक वाक्य आहे. देश तेजीत आणि शेतकरी मंदीत, हे एकाच वेळी कसे घडले? सरकारने हमीभावासारखे काही केले नाही काय?
– एक कापूस उत्पादक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत, आणि दुसरे एका ओळीत आटोपलेले असले तरी माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकन शेतकऱ्याची मंदी १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला तेव्हा नव्हे, १९२० मध्येच सुरू झाली. पहिल्या महायुद्धात युरोपला धान्य कमी पडू लागले, तेव्हा सरकारने गव्हाला बुशेलमागे, म्हणजे सुमारे २७ किलोंमागे, दोन डॉलरहून अधिक भाव बांधून दिला होता. १९१९ साली रुईही पौंडाला सरासरी ३५ सेंटांवर गेली. या भावांच्या भरवशावर लोकांनी चढ्या दराने जमिनी घेतल्या, हाती असलेल्या गहाण टाकून आणखी घेतल्या. पुढे युरोपची शेती सावरू लागली, गव्हाची हमी उठली, व्याजदर वाढले आणि १९२० संपण्यापूर्वीच रुईचा भाव निम्म्याहून खाली आला. कर्जाचा आकडा मात्र जुन्या भावाचाच राहिला. वऱ्हाडाला हे अनोळखी नाही : अमेरिकन यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या बाजाराला तिकडचा कापूस मिळेनासा झाला तेव्हा आपल्याकडचा कापूस असाच वधारला होता, आणि युद्ध थांबताच उतरला होता.

शहरांतील तेजी खोटी नव्हती. फोर्डची मॉडेल टी मोटार १९०८ साली ८५० डॉलरला होती, ती दशकाच्या मध्यास तीनशेच्या आत आली आणि बहुतेक मोटारी हप्त्यांवर विकल्या जाऊ लागल्या. शेतकऱ्यानेही ती घेतली. मागचे चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा जोडायचा आणि लाकूड कापायचा करवत किंवा पाण्याचा पंप चालवायचा, असा तिचा उपयोग तो करी. ही केवळ हौस नव्हती, कारण दशक संपतानाही दहांपैकी जवळजवळ नऊ शेतघरांत वीज नव्हती.

दक्षिणेतील कापूस पट्ट्यात स्थिती याहून बिकट होती. तेथे असंख्य कुटुंबे, गोरी आणि काळी दोन्ही, बटईने जमीन कसत. बियाणे, पीठ, कापड हे सारे मालकाच्या किंवा व्यापाऱ्याच्या दुकानातून उभ्या पिकावर उधार मिळे, आणि हिशेबाची वही दुकानदाराकडेच असे. वेचणी संपल्यावर गाठी विकून झाल्या की उधारी व व्याज वजा होई आणि पुष्कळदा कुळाच्या नावे बाकीच निघे. त्यातच टेक्सासमधून आलेला, बोंडे पोखरणारा भुंगा या सुमारास बहुतेक कापूस पट्ट्यात पसरला होता.

आता सरकारविषयी. अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्या काळात प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ७३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांपर्यंत उतरला, आणि १९२२ च्या कायद्याने आयात मालावरील जकात वाढली. शेतकऱ्याची खरी कोंडी येथे आहे : अवजारे व कपडे तो संरक्षित बाजारात महाग घेई, पण त्याच्या गव्हाचा आणि कापसाचा वाढावा परदेशी जात असल्याने भाव मात्र जगाच्या बाजारात ठरे. यावर तोड सुचवली ती जॉर्ज पीक या नांगर कारखानदाराने, कारण शेतकरी बुडाल्यामुळे त्याचे नांगर खपत नव्हते. त्यातून मॅकनेरी-हॉगेन विधेयक आले. सरकारी महामंडळाने वाढावा विकत घ्यावा, देशात भाव टिकवावा, उरलेला माल बाहेर मिळेल त्या दराने विकावा, आणि होणारा तोटा शेतकऱ्यांकडूनच शुल्करूपाने वसूल करावा, अशी ती योजना होती. कापसाचा अर्ध्याहून अधिक माल निर्यातच होत असल्याने दक्षिणेतील खासदार आरंभी उदासीन होते. १९२६ च्या विक्रमी पिकाने भाव पाडल्यावर ते सामील झाले. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, विधेयक दोनदा मंजूर केले आणि राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२७ व १९२८ असे दोनदा नकाराधिकार वापरून ते परत पाठवले. जकातीने कारखानदाराचा भाव राखणे त्यांना चालत होते, शेतकऱ्याचा राखणे हा मात्र बाजारातील हस्तक्षेप वाटत होता. पेरा आवरण्याची तरतूद योजनेत नव्हती, हा आक्षेप मात्र रास्त होता.

प्रश्न : शेअर बाजार कोसळला, त्याचा शेतकऱ्याशी काय संबंध?
– एक विद्यार्थिनी, पुसद

उत्तर : थेट संबंध थोडाच, कारण बहुतेक शेतकऱ्यांकडे शेअर नव्हतेच. त्यांची ठेव गावच्या लहान बँकेत असे, आणि अशा हजारो बँका १९२९ च्या आधीच बुडाल्या होत्या. बाजार कोसळल्यानंतर मागणी आटली आणि उरलेला भावही गेला. कूलिज यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या सरकारने जून १९२९ मध्ये ५० कोटी डॉलरचे शेती मंडळ स्थापले होते. त्याने गहू व कापूस खरेदी करून गोदामे भरली, तरी भाव घसरतच राहिले. अखेर ऑगस्ट १९३१ मध्ये या मंडळाने कापूस पिकवणाऱ्या राज्यांच्या गव्हर्नरांना तारा पाठवल्या की, शेतकऱ्यांना उभ्या कपाशीची दर तिसरी ओळ नांगरून टाकायला सांगावे. कोणीही ते ऐकले नाही.