वाचकांचे प्रश्न : जहाजावरची आग आणि जहाजात शिरणारे पाणी

मागच्या अंकात जहाजावरील अग्निशमनाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर वाचकांची इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. समुद्रापासून दीडशे किलोमीटर दूर आणि घाटमाथ्याच्या अलीकडे राहणाऱ्या पुणेकरांना या विषयाची एवढी उत्सुकता असावी, याचे आधी नवल वाटले. पण पत्रे वाचताना लक्षात आले की निम्म्या घरांतला कोणी ना कोणी जहाजावर आहे, नाही तर जहाजासाठी लागणारे काही ना काही भोसरी-चाकणला घडते आहे. निवडक चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : भोसरीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने पोलादी फ्लँजची (पाइप जोडण्याच्या भोकाच्या चकतीची) ऑर्डर दिली आहे. ड्रॉइंगमध्ये बोल्टची चारही भोके बाहेरच्या कडेपर्यंत चिरलेली दाखवली आहेत. आमच्या जुन्या टर्नरच्या मते त्यामुळे फ्लँज कमजोर होतो. नेहमीसारखी बंद भोके पाडून दिली तर चालतील का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : चालणार नाहीत, आणि माल परत येईल. आपण जी वस्तू करीत आहात तिला आंतरराष्ट्रीय शोअर कनेक्शन म्हणतात. जहाज बंदरात उभे असताना आग लागली आणि त्याचे स्वतःचे पंप बंद पडले, तर किनाऱ्यावरच्या अग्निशमन दलाचे किंवा शेजारच्या जहाजाचे पाणी आपल्या जहाजाच्या आगीच्या पाइपलाइनमध्ये घ्यावे लागते. प्रत्येक देशाच्या होजचे (पाण्याच्या लवचीक नळीचे) कपलिंग, म्हणजे जोडायचे तोंड, निराळे असते. म्हणून जगभर एकच फ्लँज ठरवून टाकला आहे. त्याचा बाहेरचा व्यास १७८ मिलिमीटर, आतला ६४, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १३२, भोके १९ मिलिमीटरची चार आणि जाडी किमान १४.५ मिलिमीटर असते. सोबत एक गॅस्केट (फट बुजवणारी मऊ चकती), १६ मिलिमीटर व्यासाचे आणि ५० मिलिमीटर लांबीचे चार बोल्ट व आठ वॉशर द्यायचे असतात. ५०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या बंदिस्त जागेचे माप) आणि त्यावरील प्रत्येक जहाजावर हा संच असावाच लागतो.

आता चिरेविषयी. बंद भोकात बोल्ट घालायचा तर नट काढावा लागतो, वॉशर हातात धरावा लागतो आणि दोन्ही फ्लँजची भोके अगदी समोरासमोर आणून मगच बोल्ट आरपार घालता येतो. रात्रीच्या अंधारात, धुरात, जाड हातमोजे घालून आणि पाण्याने जड झालेला होज खांद्यावर पेलत हे करून पाहावे, म्हणजे चीर कशासाठी ते समजते. चीर असली की नट-वॉशर चढवलेला बोल्ट बाजूने आत सरकवता येतो आणि लगेच आवळता येतो. आपल्या टर्नरची शंका मात्र रास्त आहे, म्हणून हिशेब देतो. ही जोडणी प्रति चौरस मिलिमीटर १ न्यूटन, म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे १० किलो दाबासाठी असते. ६४ मिलिमीटरच्या तोंडावर त्या दाबाचा जोर साधारण ३३० किलो भरतो, तो चार बोल्टांत वाटला की प्रत्येकी ऐंशी-पंच्याऐंशी किलो येतो. गॅस्केटखाली पाणी शिरून हा आकडा वाढला, तरी साडेचौदा मिलिमीटर जाडीच्या पोलादाला चिरेसकट तो जड नाही.

एक विनंती आहे. जोडणीच्या सपाट तोंडावर आणि बोल्टच्या आट्यांवर रंग मारू नका. मी थर्ड इंजिनिअर असताना एका कवायतीत आमच्या जहाजावरचा हा संच भिंतीवरून उतरवला, तेव्हा नट आणि बोल्ट लाल रंगाच्या तीन-चार थरांखाली एकजीव झाले होते आणि ते सोडवायला छिन्नी-हातोडा आणावा लागला. वस्तू दिसायला झकास होती, उपयोगाची नव्हती.

प्रश्न : माझा मुलगा मालवाहू जहाजावर शिकाऊ आहे. चारही बाजूंना समुद्र असताना जहाजावरची आग विझवणे एवढे अवघड का मानतात? पाणी तर हवे तेवढे आहे.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पाणी हवे तेवढे आहे हे खरे. इंजिन रूमच पेटली तरी पाणी मिळावे म्हणून मालवाहू जहाजावर इमर्जन्सी फायर पंप इंजिन रूमच्या बाहेर, स्वतंत्र शक्तीवर चालणारा बसवतात आणि २,००० ग्रॉस टनेज आणि त्यावरील जहाजावर त्याने तासाला किमान २५ घनमीटर पाणी द्यावे असा नियम आहे. अडचण अशी की इमारतीवर मारलेले पाणी जिन्यावरून रस्त्यावर वाहून जाते, आणि जहाजावर मारलेले पाणी जहाजातच राहते. पाण्याने अर्धी भरलेली परात उचलून चालून पाहा; परात जराशी कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि परात आणखी कलते. वरच्या डेकवर साचलेले पाणी जहाजाला नेमके हेच करते. १९४२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क बंदरात ‘नॉर्मंडी’ या अवाढव्य प्रवासी जहाजाला काम चालू असताना आग लागली. विझवण्यासाठी ओतलेले पाणी वरच्या मजल्यांवर साचत गेले आणि आग आटोक्यात आल्यानंतर जहाज धक्क्यालगतच आडवे झाले. म्हणून पाणी मारणाऱ्या तुकडीइतकेच महत्त्व ते बाहेर काढणाऱ्यांना असते.

दुसरी अडचण, पाणी आगीच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या माल ठेवण्याच्या ज्या खणात स्फोटके होती, त्याच खणात कापसाच्या गाठी होत्या. दाबून बांधलेली गाठ आतून धुमसते आणि वरचे पाणी तिच्या अंगावरून ओघळून जाते. दुपारी लागलेल्या त्या आगीवर बंबांनी पाण्याचा मारा चालवला होता, आणि चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. त्या दिवशी गेलेल्या अग्निशमन जवानांसाठीच १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

इंजिन रूममधली आग बहुधा तेलाची असते. ती हाताबाहेर गेली तर माणसे बाहेर काढून, झडपा आणि पंखे बंद करून कार्बन डायऑक्साइड सोडतात. साधारणपणे त्या जागेच्या घनफळाच्या ४० टक्के भरेल एवढा वायू बाटल्यांत साठवलेला असतो आणि त्यातला ८५ टक्के दोन मिनिटांत आत जावा लागतो. तो माणसालाही तितकाच घातक असल्याने सोडण्यापूर्वी भोंगा वाजतो. पण भोंग्यावर भिस्त ठेवत नाहीत, माणसे मोजतात. मुलाला एवढे जरूर विचारा की हजेरीच्या वेळी त्याने कुठे उभे राहायचे आहे. त्याने क्षणाचाही विचार न करता जागा सांगितली, तर जहाजावर शिस्त आहे असे समजा.

प्रश्न : कॉलेजात छिद्र बुजवण्यासाठी लाकडी गुट्ट्या आणि पाचरी दाखवल्या. एवढ्या प्रगत जहाजावर लाकूड कशाला? आणि ते मऊच का?
— एक विद्यार्थी, तळेगाव दाभाडे

उत्तर : आधी शत्रू किती मोठा आहे ते पाहू. पाण्याच्या पातळीखाली ४ मीटरवर १० सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले, तर पाणी तासाला सुमारे १५० घनमीटर या वेगाने आत येते. पुण्याच्या भाषेत सांगायचे तर सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर चार मिनिटांत रिकामा व्हावा, तसे. मात्र त्या भोकावर पाण्याचा जोर जेमतेम ३२ किलो असतो, म्हणजे एक धडधाकट माणूस गुट्टी धरून दुसरा ती ठोकू शकतो. वेळ न घालवता भोकाचा आकार घेणारी वस्तू हवी, आणि भोक कधीच गोल नसते. फाटलेल्या पत्र्याच्या कडा दातेरी असतात. सागवानासारखे कठीण लाकूड त्या दातांवर नुसते अडकते. देवदार किंवा पाइनसारखे मऊ, कोरडे आणि रंग न लावलेले लाकूड दातांत दबते आणि पाणी पिऊन फुगते. गुट्टीभोवती तेलाने भिजवलेले कॅनव्हास गुंडाळले तर उरलेल्या फटीही भरतात.

गुट्टी ठोकता येत नसेल तिथे पाणी कमी करण्याची दुसरी वाट शोधावी. वेग खोलीच्या वर्गमुळाने बदलतो; त्यामुळे जहाज दुसऱ्या बाजूला कलवून तेच भोक ४ मीटरऐवजी १ मीटर खोलीवर आणले, तर येणारे पाणी निम्मे होते. गळती कमी झाली की सिमेंटची पेटी बांधतात. गळतीभोवती फळ्यांची चौकट ठोकून तीत लवकर घट्ट होणारे सिमेंट भरायचे, पण त्याआधी तळाशी एक नळी ठेवून पाण्याला वाट द्यायची. सिमेंट घट्ट झाल्यावर नळीचे तोंड बुजवायचे. नळी विसरली तर ओले सिमेंट पाण्याबरोबर वाहून जाते. गच्चीवरची टाकी दुरुस्त करणारे आपले गवंडीही हेच करतात, फक्त त्यांना कोणी परीक्षेत विचारत नाही.

टेकू देताना एक चूक हमखास होते. पाण्याच्या दाबाने फुगलेली जहाजातली भिंत जॅक लावून पूर्ववत करू पाहू नये, कारण त्यात जोड फाटतात. आहे त्या जागी तिला फळीने आधार द्यावा, टेकूचा जोर मोठ्या क्षेत्रावर पसरावा आणि पाचरी दोन्ही बाजूंनी सारख्या ठोकाव्यात. लोणावळ्याला ‘आयएनएस शिवाजी’वर नौदल हे सारे प्रत्यक्ष पाण्यात उभे करून शिकवते. व्यापारी जहाजावर मात्र वीस-पंचवीस माणसेच असतात, म्हणून तिथे आधी पंप, मग गुट्टी, असा क्रम ठेवावा.

प्रश्न : जुन्या बाजारात पितळेचा एक जड नोझल मिळाला. तोंडाजवळचे कडे फिरवले की भोक लहान-मोठे होते. तो जहाजाचा असेल का? आमच्या सोसायटीच्या होजला लावता येईल का?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : कडे फिरवून सरळ धार, फवारा आणि पूर्ण बंद असे तिन्ही होत असेल, तर जहाजावर वापरतात तशा दुहेरी कामाच्या जातीचा तो नोझल आहे. तोंडाचा व्यास मोजून पाहा. जहाजावर १२, १६ आणि १९ मिलिमीटर हे ठरलेले आकार आहेत. फवारा दोन गोष्टी साधतो : आगीची उष्णता शोषतो आणि होज धरणाऱ्यासमोर पाण्याचा पडदा उभा करतो. सोसायटीच्या होजला तो लावण्यापूर्वी कपलिंग नीट बसते का ते पाहा, आणि कड्याखालचे रबर वाळलेले असेल तर बदला. हिरवा गंज चिंच लावून काढू नका असे मी म्हणणार नाही, पण नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवा.