गोव्याला गेलेला माणूस कोणत्या रकान्यात?

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून गोव्याला कामाला जाणाऱ्यांचा अभ्यास करते आहे. जनगणनेत स्थलांतराचं मोठं कारण लग्न दिसतं. कामाला जाणारे कुठे गेले? घरोघरी काय विचारू?

उत्तर : जनगणना जन्मस्थान आणि आधीचं राहण्याचं ठिकाण विचारते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या चंदगडची मुलगी कर्नाटकातल्या बेळगावात नांदायला आली की ती परराज्यातून आलेली ठरते. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं, हे तक्त्याला ठाऊक नसतं! उलट रोप लावून मडगावला जाणारा आणि सुगीला परतणारा तिचा दीर गावचाच रहिवासी राहतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४व्या फेरीत (२००७-०८) अशांसाठी वेगळी व्याख्या होती : वर्षात किमान एक महिना, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर.

‘बाहेर कोण असतं?’ असं थेट विचारू नका. ‘कोणी नाही, आमचा पोरगा कामाला असतो’ हेच ऐकाल. आधी प्रत्येक घराच्या तीन याद्या करा : आज या चुलीवर जेवणारे, रेशनकार्डावरचे आणि गणपतीला येणारे. एका यादीत असलेलं, दुसरीत नसलेलं नाव हाच तुमचा विषय. मग त्या नावापुढे बारा चौकटी आखा. तारखा कोणाला आठवत नाहीत. लावणी, मळणी, शिमगा यांवरून महिने भरा.

पैशांबद्दल ‘किती पाठवतो?’ विचारलं तर आकडा कमीच सांगतात. त्याऐवजी बचत गटाचा हप्ता, शाळेची फी, सोसायटीचं कर्ज कोण भरतं ते विचारा. स्लॅबचं घर दिसलं म्हणून लगेच ‘विकास’ लिहू नका. स्लॅब कोणत्या वर्षी टाकला, कर्ज किती उरलं आणि माणूस बाहेर असताना लावणी कोणी केली, हे आधी नोंदवा. फेरी एकदा पावसात आणि एकदा गणपतीत हवीच.

प्रश्न : निपाणी भागात ऊसतोड टोळ्या मोजताना कोयत्यांचा आकडा धरावा का? 

उत्तर : नको. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, आणि उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) नवऱ्याच्या नावावर. वीस कोयते लिहिलेत की वीस बायका मोजणीतून गेल्या, पोरं तर मुळातच नाहीत. संध्याकाळी कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) जाऊन माणसं मोजा. दिवसा सगळे फडात असतात. न फिटलेली उचल पुढच्या हंगामात ओढली जाते का, तेही पाहा. गुजरातेतल्या बारडोलीत खानदेशातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास करताना डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी विचारलेला प्रश्न इथेही लागू पडतो : गावात मजूर असताना बाहेरचे का आणतात? टोळी आणणारा मुकादम, शेतकरी आणि गावातले मजूर यांना वेगवेगळं गाठून तो विचारा. मुकादम समोर असला की टोळीतलं कोणी बोलत नाही.