०.७२ म्हणजे ७२ टक्के बरोबर का?

प्रश्न: ताई, मी एमए सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कैदी सुटल्यावर परत हिंसा करेल का हे सांगणाऱ्या टूल्सवर मेटा-अ‍ॅनालिसिस (बऱ्याच स्टडीजचे आकडे एकत्र करून) करतेय. एयूसी, म्हणजे टूल दोन गट किती वेगळे ओळखतं त्याचा आकडा, दरवेळी ०.७२ च्या आसपास येतो, मग टूल ७२ टक्के वेळा बरोबर सांगतं असं लिहू ना? मैत्रीण चूक म्हणते पण का ते तिलाही सांगता येईना.

उत्तर: मैत्रिणीला चहा पाज, ती बरोबर आहे. पुढे हिंसा केलेला एक आणि न केलेला एक असे दोघं चिठ्ठ्या टाकून उचलले तर १०० पैकी ७२ वेळा पहिल्याचा स्कोअर जास्त निघतो, ०.७२ चा अर्थ एवढाच. समोर एकटा बसलेला माणूस काय करेल ते त्यात नाहीच.

ते बेस रेटवर, म्हणजे एकूण लोकांत हिंसा करणारे मुळात किती यावर ठरतं. समज १००० जण सुटले, त्यातले १०० हिंसा करणारे. टूलने त्यातले ८० पकडले पण उरलेल्या ९०० पैकी २७० जणांवरही 'हाय रिस्क'चा शिक्का मारला, म्हणजे शिक्केवाले ३५० आणि खरे फक्त ८०, चारातला एकही धड नाही! संशोधक सीना फझेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १३ देशांतल्या २४,८२७ लोकांचा डेटा एकत्र केला होता. त्यात हिंसेच्या टूल्सनी धोकादायक ठरवलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनीच पुढे हिंसा केली, पण कमी धोक्याचे म्हटलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी खरंच केली नाही. म्हणजे कोणाला सोडायला हरकत नाही हे टूल बरं सांगतं, कोणाला डांबायचं हे नाही. माझ्या मते तुझ्या डिस्कशनचा गाभा हाच हवा, एयूसी नंतर.

आता करताना. एकाच सॅम्पलवर चार-चार पेपर निघतात, ते चारदा मोजू नकोस. हिंसेचा धोका मोजणाऱ्या एचसीआर-२० सारख्या टूलमध्ये लो, मॉडरेट, हाय असे गट असतात, तो मधला गट हायमध्ये टाकलास की लोमध्ये यावर आकडे बदलतात, तेव्हा दोन्ही करून बघ आणि दोन्ही छाप. आणि प्रत्येक स्टडीपुढे एक कॉलम ठेव, लेखकांमध्ये टूल बनवणारा आहे का. २०१३ च्या एका रिव्ह्यूत अशा स्टडीजचा ऑड्स रेशो (टूल किती चांगलं ओळखतं त्याचा आणखी एक आकडा) बाकीच्यांच्या साधारण दुप्पट निघाला होता. आपलं दही आंबट कोण म्हणतं?

शेवटच्या तक्त्यात एयूसीशेजारी बेस रेट आणि किती महिने पाठपुरावा केला तेही टाक, गाइड जागा नाही म्हणाले तरी.